चौथ्यांदा सुटलेला जोड

तौफिकचा जोड सुटला, असं शहरात कुणी म्हणालं असतं तर ऐकणारा हसला असता. हिरव्या प्लास्टिकच्या गवताची मैदानं हल्ली गल्लोगल्ली झालीत, कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या बंगल्यामागं. ते गवत गालिच्यासारखं गुंडाळून येतं. तेरा-तेरा फुटांच्या पट्ट्या शेजारी शेजारी अंथरायच्या, आणि दोन पट्ट्या भेटतात तिथं खालून कापडी पट्टी आणि गोंद लावून जोडायच्या. जोड उघडला की खेळणाऱ्याचा पाय अडकतो आणि पोरगं तोंडावर आपटतं. तौफिकनं जोडलेली जागा मात्र गुडघे टेकून शोधली तरी सापडायची नाही. त्याचा बाप कमरोद्दीन मंडपाच्या कनाती शिवायचा. कनात फाटली तर कापडात फाटायची, कमरोद्दीनच्या टाक्यात कधीच नाही. तोच गुण पोराच्या बोटांत उतरला होता, आणि पोराला त्याची घमेंडही होती, खोटं कशाला बोला.

अशा माणसाचा एक जोड तीन वर्षांत तीनदा सुटला होता. त्याच कोर्टवर, त्याच कोपऱ्यात. रविवारी सकाळी बद्रीनाथअण्णांचा फोन आला, तुमच्या गवतानं पुन्हा तोंड उघडलंय, तौफिकभाई, आता त्याला दात आलेत का तेवढं येऊन बघा. अण्णा हसत होते. तौफिकला मात्र चहा गोड लागला नाही.

अण्णांचं घर पैठण रोडनं आत वळलं की लागतं. एके काळी आसपासची सगळी जमीन त्यांचीच. शहर चालत चालत बांधापर्यंत आलं, शेताचे प्लॉट झाले, आणि जिथं वस्तीवरचं घर आणि गोठा होता तिथं अण्णांनी बंगला बांधला. बंगल्यामागं आठ वर्षांपूर्वी टेनिसचं कोर्ट केलं. तेव्हा नात मोनिका पाच वर्षांची होती, पण आजोबाची हौस दांडगी. गवत बाहेरच्या कुणी ठेकेदारानं अंथरलं होतं, तौफिक आला नंतर, देखभालीला.

आणि देखभालीच्या बदल्यात तौफिकला काय मिळत होतं, ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. त्याची थोरली लेक माहनूर, वय बारा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती बापाचा डबा घेऊन तिथं गेली होती. मोनिकाला जोडीदार नव्हता, तिनं माहनूरच्या हातात जास्तीची रॅकेट दिली. पोरीनं चेंडू असा मारला की अण्णा खुर्चीतून उठले. त्या दिवसापासून रोज पाच वाजता माहनूर त्या कोर्टवर. अण्णांनीच सांगितलं, कोर्ट तू सांभाळ, पोरीला इथं खेळू दे. तौफिकच्या सात पिढ्यांत कुणी रॅकेट धरली नव्हती. क्लबाच्या फाटकातून त्याची पोरगी आत गेली नसती, आणि दुसरं कोर्ट तिला कोण देणार होतं. येत्या शनिवारी दोघी पोरी पुण्याला निवड चाचणीला चालल्या होत्या. हे कोर्ट बंद पडलं तर पोरीचा खेळ बंद, एवढं साधं गणित होतं. म्हणून तौफिक त्या एका जोडावर रात्रंदिवस चिडलेला असायचा.

निघताना माहनूर दारात आली. तिनं सांगितलं, तो कोपरा लई कडक नका करू, अब्बा. तौफिकला वाटलं, चेंडूच्या उसळीचं काहीतरी असेल. ह्या पोरींना आता बापापेक्षा गवतातलं जास्त कळायला लागलंय, असं पुटपुटत त्यानं स्कूटरला गोंदाचे डबे लटकवले.

फेब्रुवारीचं ऊन चढायला लागलं होतं. ओट्यावर अण्णांची आई मनकर्णाबाई तांदूळ निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढं वय, पण नजर अजून खडे वेचण्याइतकी शाबूत. तौफिकनं तिला माय म्हणून हाक मारली, तिनं नेहमीसारखं त्याला पाणी पिऊन घे म्हणून सांगितलं. ह्या घरात पाण्यावाचून कुणाला कामाला लावायचं नाही, हा तिचा नेम. माठातलं दोन तांबे पाणी पिऊन तो कोपऱ्याकडं वळला.

जोड चांगला चार फूट उघडला होता. दोन्ही पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या होत्या. आणि ह्या खेपेलाही त्या जागी तो पिवळा-तांबडा डाग होताच. दर वेळी असायचा. कुणीतरी इथं बसून वडापाव-चटणी खातं, असं तौफिकनं कधीच ठरवून टाकलं होतं. साबणाच्या पाण्यानं तो डाग घासून काढायचा आणि वर दोन बादल्या पाणी ओतायचा. पाणी क्षणात गुडुप व्हायचं. निचरा लई भारी आहे हो, असं त्यानं अण्णांना एकदा कौतुकानं सांगितलंही होतं.

डाग पुसून तो कामाला लागला. गवताच्या धाग्यांमध्ये पांढरी बारीक वाळू भरलेली असते, त्या वजनानं गवत जागेवर राहतं. जोड उघडायचा तर आधी ती वाळू झाडून बाजूला घ्यावी लागते. त्यानं कडक ब्रशनं झाडायला घेतलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. वाळू नव्हती. असायला हवी होती त्याच्या निम्मीही नव्हती. मागच्या दिवाळीनंतर त्यानं ह्याच कोपऱ्यात चार पोती ओतली होती. त्याच्या आधी तीन. त्याच्याही आधी दोन. इतके दिवस तो वाऱ्याला दोष देत होता, नाहीतर झाडणाऱ्या बाईला. पण उरलेल्या सगळ्या कोर्टवर वाळू जिथल्या तिथं होती. बाई काय फक्त ह्या कोपऱ्यापुरती झाडत होती का?

खरं तर हा विचार त्याला तीन वर्षांपूर्वी यायला हवा होता. पण तौफिकच्या धंद्यात एक खोड असते, आणि ती त्याच्यात इतरांपेक्षा दुप्पट होती. जोड सुटला की नजर जोडावर. गोंद जुना निघाला असेल, उन्हानं पट्टी आकसली असेल, आपलाच हात घाईत पडला असेल. खाली काय आहे ते कुणी बघत नाही, कारण खाली दुसऱ्याचं काम असतं. कनात शिवणारा खांब रोवायला जात नाही. तर त्यानं तीनदा तो जोड उकलला होता, तीनदा वीतभर उचलून पट्टी बदलली होती, तीनदा रोलर फिरवून वर वाळूची पोती ठेवली होती, आणि तीनदा अण्णांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आता हा सुटत नाही.

ह्या वेळी त्यानं वीतभरावर भागवलं नाही. पात्यानं जुना गोंद कापत दोन्ही पट्ट्या चांगल्या चार-चार फूट उचलल्या आणि चादरीसारख्या उलट्या टाकल्या. खालचं काँक्रीट उघडं पडलं.

काँक्रीटला भेग होती. भेगा असतात, त्यात काही नाही. पण भेग सरळ जाते, नाहीतर फांदीसारखी फाटे फोडत जाते. ही वळली होती. बांगडीचा अर्धा तुकडा ठेवावा तशी गोल, पाच-सहा फुटांच्या पल्ल्यात, आणि मध्यावर बोट जाईल एवढी रुंद. भेगेच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा जरासा खाली बसलेला. तौफिक त्या आतल्या भागावर गुडघे टेकून होता.

त्यानं ब्रशनं उरलेली वाळू भेगेकडं लोटली. वाळू भेगेच्या काठावर क्षणभर थांबली आणि आत गेली. त्यानं आणखी लोटली, तीही गेली. पायाखालची वाळू सरकली असं आपण उगाच कशालाही म्हणतो, तौफिकची मात्र डोळ्यांदेखत सरकत होती आणि कुठं चालली होती ते त्याला कळत नव्हतं. त्यानं खिशातून एक नट काढला, रोलरचा ढिला झालेला, आणि भेगेत सोडला.

नट कुठं आपटल्याचा आवाज आला नाही. तौफिक वाट बघत राहिला. मनात एक म्हणून झालं, दीड म्हणून झालं, आणि मग खोल खालून, एखाद्यानं बंद खोलीत चूळ भरावी तसा आवाज आला.

पाणी.

 तौफिकच्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल तर ही गोष्ट, की आपलं वजन ब्याऐंशी किलो आहे. तो उठला नाही. उठायची त्याची छातीच झाली नाही. तो हळूच पोटावर आडवा झाला, हात लांब पसरले आणि सरपटत सरपटत मागं आला, पार जाळीपर्यंत. जाळीला धरून बसला तेव्हा त्याच्या दाढीतून घाम ठिबकत होता. तो माणूस भित्रा नव्हे. सहा मजली इमारतीच्या गच्चीवर कडेला बसून त्यानं गवत चिकटवलंय. पण तिथं खाली काय आहे ते दिसतं तरी. इथं तीन वर्षं तो एका खड्ड्याच्या तोंडावर बसून टाके घालत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. आणि रोज संध्याकाळी त्याच तोंडावर त्याची लेक धावत होती. हे दुसरं मनात आलं आणि त्यानं अण्णांना हाक मारली.

अण्णा हाकेसरशी आले. आधी त्यांनी चेष्टाच केली, गोंदाचा वास डोक्यात गेला का म्हणून विचारलं. तौफिकनं सांगितलं तसं त्यांचं हसू ओसरलं, पण विश्वास बसला नाही. खाली मुरूम आहे, म्हणाले. इथं वस्तीवरचा आड होता हे खरं, सगळं घर त्याच्यावर पाणी प्यायचं. पण कोर्टचं काम काढलं तेव्हा आपण स्वतः तीन टिपर मुरूम सांगितला होता, आड गच्च बुजवून टाका म्हणून. नेमकं त्याच आठवड्यात बहिणीच्या लेकीचं लग्न सोयगावला होतं, चार दिवस आपण तिकडं होतो. परत आलो तेव्हा जमीन सपाट झालेली, वर काँक्रीट पडलेलं. बुजवलेला आड आहे तो, वरचा मुरूम जरा दबला असेल, तू कशाला जीव काढू राहिला.

आणि एवढं बोलून ते सरळ कोर्टवर चालत गेले. तौफिक दंड धरायला धावला, पण नव्वद किलोचा माणूस, तो काय थांबतो. अण्णा भेगेच्या आत जाऊन उभे राहिले, दोन्ही पाय फाकवून, आणि म्हणाले, बघ. आठ वर्षं पोरं नाचतात इथं.

काही झालं नाही. कोर्ट तसंच राहिलं. तौफिकनं फक्त बोट दाखवलं. अण्णांच्या बुटाशेजारून वाळूची बारीक धार भेगेत चालली होती, फुटक्या पिंपातून धान्य सांडावं तशी, आणि थांबत नव्हती. अण्णांनी खाली बघितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढची चार पावलं त्यांनी कशी टाकली ते त्यांचं त्यांना माहीत, पण बाहेर येऊन ते जाळीला टेकले.

मग तौफिकनं डोकं चालवलं. गोंदाच्या डब्याची दोरी सोडली, मोबाईलला पक्की बांधली, दिवा लावला, चित्रीकरण चालू केलं. कोर्ट आखायच्या लांब लाकडी पट्टीच्या टोकाला दोरी अडकवून, बाहेर उभं राहून, त्यानं मोबाईल भेगेत सोडला. तो हळूहळू खाली सोडला, गोल फिरू दिला, आणि वर ओढून घेतला. दोघं सावलीला बसले आणि डोक्याला डोकं लावून बघायला लागले.

आड जसाच्या तसा होता. जुन्या घडीव दगडांचं गोल बांधकाम, दगडांवर शेवाळ. मुरमाचा कण नाही. तोंडावर दोन लोखंडी अँगल आडवे टाकलेले, त्यांवर एके काळी शहाबादी फरश्या असाव्यात. एक अँगल गंजून मधोमध तुटला होता. दुसरा पापडासारखा झाला होता. फरश्या खाली गेल्या होत्या, फक्त एक आडाच्या भिंतीत तिरकी अडकून राहिली होती. वरचं काँक्रीट चार इंचाचं, नुसतं हवेत, कशाच्या आधारानं उभं होतं ते त्या काँक्रीटलाच ठाऊक. आणि त्या तिरक्या फरशीवर, दिव्याच्या उजेडात, पांढऱ्या वाळूचा ढीग होता.

तौफिकनं चित्र थांबवलं. ती त्याची वाळू होती. दोन पोती, तीन पोती, चार पोती. दर खेपेला ओतलेली, हातानं सारखी केलेली. आजवर ज्याचं तोंड त्यानं शिवलं त्यालाच तो वरून भरवत आला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की अण्णांकडं बघवेना.

अण्णा मात्र दुसरंच काहीतरी बघत होते. तीन टिपर मुरूम गेला कुठं, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

उत्तर पाठीमागून आलं. मनकर्णाबाई कधी सूप खाली ठेवून, काठी टेकत येऊन जाळीपाशी उभी राहिली होती ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मुरूम भवताली पसरला," ती म्हणाली. "आडात नाय टाकू दिला मी."

तिनं सगळं सांगितलं, अगदी शांतपणानं, लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. टिपर मागं आणून लावला होता. ती आडाच्या काठावर जाऊन बसली आणि म्हणाली, टाकायचा तर माझ्यावर टाका. जितं पाणी बुजवू नये. ह्या पाण्यावर ती नवरी होऊन आली होती, बद्रीनाथाला पहिली अंघोळ ह्याच पाण्याची. बाहत्तरच्या दुष्काळात आसपासच्या वस्त्या ह्या आडावर जगल्या. त्याच्या नरड्यात माती घालायची? मिस्त्री बिचारा भला माणूस. त्यानं अँगल टाकले, फरश्या बसवल्या, वरून हत्ती गेला तरी हलायचं नाय म्हणाला. तिनं त्याला पोटभर पुरणपोळी खाऊ घातली आणि शपथ घातली, लेकाला सांगू नको म्हणून. लेकाला राग आला असता. आणि दर अमावास्येला, घरातले कामाला गेले की ती येऊन त्या जागी हळदकुंकू वाहत होती. आठ वर्षं, एकही अमावास्या चुकवली नव्हती.

तौफिकला तो पिवळा-तांबडा डाग आठवला. साबणानं घासलेला. वडापावची चटणी म्हणून.

"पाणी हाय का रे अजून?" म्हातारीनं विचारलं.

 ह्या बाईवर ओरडावं का तिच्या पाया पडावं, दोन्ही एकदमच तौफिकच्या मनात आलं. त्यानं मान हलवली. आहे, माय. भरपूर आहे. म्हातारीनं आडाच्या दिशेनं हात जोडले आणि तिच्या सुरकुतल्या तोंडावर असं समाधान आलं की बघणाऱ्याचं काळीज हलावं.

अण्णा उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. आईच्या समोर जाऊन उभे राहिले.

"आई, तिथं मोनिका खेळते."

मनकर्णाबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. तिनं लेकाकडं बघितलं, मग कोर्टकडं, उलट्या टाकलेल्या हिरव्या पट्ट्यांकडं, आणि त्या गोल भेगेकडं. दगड जलमभर टिकतो, असं काहीतरी ती म्हणायला गेली. लोखंडाचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती जन्मभर दगडाचे आड बघत आली होती, खाली लोखंड सडतं हे तिला कोण सांगणार? पाण्याला जपताना वर कोण धावतंय ह्याचा हिशेब राहून गेला होता, आणि तो आत्ता, ह्या क्षणाला तिला लागला. ती हळूच जमिनीवर बसली. काठी बाजूला पडली ती कुणी उचलली नाही.

दुपार कलत आली. कुणी कुणाला दोष देईना. द्यायचा तर कुणाला द्यायचा? एकीनं पाणी वाचवलं होतं, एकानं बुजवायला सांगून बघितलं नव्हतं, आणि एकानं तीनदा झाकण शिवलं होतं. नंतर अण्णांनी कुणाकुणाला फोन केले. उद्या सकाळी यंत्र येईल, काँक्रीट बाहेरून कापून काढू, आडाला कठडा बांधू, वर लोखंडी जाळी घालू, असं ठरलं. आड बुजवायची गोष्ट कुणी काढली नाही. तौफिकनं पुढच्या फाटकाला दोरी बांधली, जाळीला लाल फडकं लावलं, आणि पट्ट्या आहेत तशाच उलट्या राहू दिल्या. शनिवारची चाचणी, माहनूरचा खेळ, सगळं त्याच्या डोक्यातून केव्हाच निघून गेलं होतं. पोरगी चालतीबोलती घरी आहे, एवढ्यावर त्याचं मन पुन्हा पुन्हा जाऊन बसत होतं.

पाच वाजत आले होते. आणि एवढा शहाणा माणूस, पण मागचं फाटक विसरला.

कोर्टला मागच्या गल्लीतून एक छोटं फाटक आहे, नेमकं त्या कोपऱ्यात उघडणारं. सायकली तिथं लावायला बऱ्या पडतात म्हणून पोरी नेहमी तिथूनच येत. कडी वाजली. तौफिकनं वळून बघितलं तर माहनूर, रॅकेट पाठीला लावलेली, वेणी बांधत बांधत, एक पाय आत. मागं मोनिका, क्लासवरून परस्पर आलेली.

"थांब!"

तौफिक आयुष्यात तिच्यावर असा ओरडला नव्हता. पोरगी जागच्या जागी गोठली. तो जाळीच्या बाहेरून, तुळशीच्या कुंड्या पाडत, धावत फिरून तिथं पोचला आणि दोघींचे दंड धरून त्यांना गल्लीत ओढून काढलं. इतक्या जोरात की माहनूरच्या दंडावर बोटं उमटली. मग तो तिथंच, गल्लीतल्या धुळीत गुडघ्यांवर बसला आणि तिला कवटाळून राहिला. माहनूर ओशाळली. मोनिकासमोर बाप असा रडतोय म्हटल्यावर कुठल्याही पोरीनं ओशाळावंच.

अण्णाही मागून आले. धाप जरा ओसरल्यावर तौफिकनं दोघींना समजेल असं सांगितलं, की त्या कोपऱ्याखाली आड आहे, पोकळ आहे, पाणी आहे, आणि वरचं कधीही खाली जाईल. आता तिथं कुणी पाय ठेवायचा नाही.

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. घाबरून नव्हे, चोरी पकडल्यावर बघतात तसं. मोनिकानं मान खाली घातली. शेवटी माहनूरनंच विचारलं, आवाज अगदी बारीक करून.

"ढोलाची जागा का, अब्बा?"

तौफिकला कळलं नाही. कुठली ढोलाची जागा, त्यानं विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं. तिथं उडी मारली की खालून घुमतं. दुसऱ्या कुठं घुमत नाही, फक्त तिथंच. मागच्या वर्षीच त्यांना सापडलं होतं. खेळ सुरू करायच्या आधी रोज दोघी तिथं उड्या मारतात, कुणाच्या जास्त होतात ते मोजतात. गवत उघडलं की आवाज आणखी मोठा येतो. आजोबांना सांगितलं नाही, आणि अब्बाला तर मुळीच नाही.

"का नाही सांगितलं मला?" तौफिकनं विचारलं. 

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच नीट करून टाकलं असतं ना," माहनूर म्हणाली. "मोनिकाच्या बावन्न झाल्यात, माझ्या साठ. आज दोघी हात धरून शंभर मारणार होतो."

अण्णांनी जाळी धरली. तौफिकनं लेकीच्या बुटांकडं बघितलं. बुटांच्या शिवणीत त्याचीच पांढरी वाळू अडकली होती. तो वाकला आणि बोटांनी ती झाडायला लागला.